साभार पोच

बारावीची परीक्षा संपल्यावर मला जी पहिली नोकरी लागली ती खोडायची होती. 1989 सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथलं सार्वजनिक वाचनालय, संध्याकाळी पाच ते आठ, महिना दीडशे रुपये. ग्रंथपालबाईंनी पहिल्याच दिवशी पुस्तकांची चळत माझ्यापुढे ठेवली, हातात खोडरबर दिलं आणि म्हणाल्या, "पेन्सिलीचं जे दिसेल ते खोडायचं. पान फाटता कामा नये. शाईचं असेल तर आधी मला दाखव."

पहिले दोन दिवस मी नुसती हसत होते. एका कादंबरीच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'पान 84 पहा.' 84 वर, 'पान 12 पहा.' 12 वर, 'दुसरे काम नाही का?' एका रहस्यकथेत लेखकाच्या नावाखालीच कुणीतरी पुण्यकर्म केल्यासारखं लिहून ठेवलं होतं की खून डॉक्टरने केला आहे. एका कौटुंबिक कादंबरीत नायिका नवऱ्याचं सगळं निमूट सोसते, त्या प्रकरणाच्या समासात गोल, बायकी अक्षरात, 'हिने केव्हाच माहेरी निघून जायला हवे होते.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'तुम्ही गेलात का?' आणि त्याखाली पुन्हा त्याच गोल अक्षरात, 'हो.'

ते 'हो' खोडायला माझा हात होईना. बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खोड. गावात अक्षरं ओळखतात लोक."

एका माणसाचं मात्र खोडायचं नाही, असा त्यांचाच हुकूम होता. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज साडेपाचला यायचे. छत्री खुंटीला, टोपी टेबलावर, मग पुस्तक परत. परत करण्याआधी शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात टोकदार पेन्सिलीने तारीख आणि एखाद-दीड ओळ. स्टँडवरच्या वहीत गाडीची नोंद करावी, तितक्याच कोरडेपणाने. '4/6/88. दोन रात्रीत संपले. म्हातारीचे बोलणे खरे वाटते. शेवट घाईत उरकला.' '19/9/88. मध्ये रेंगाळते, पण सोडू नये.' एका जाडजूड, मानमरातब मिळालेल्या ग्रंथावर एकच शब्द होता: 'उगाच.'

"यांचं का ठेवायचं?" मी विचारलं.

"लोक आधी मागचं पान उघडतात आणि मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवतात," बाई म्हणाल्या. "माझा निम्मा ताप वाचतो."

पुढे मी वर्गात, सभेत, परिसंवादात साहित्यसमीक्षेवर पुष्कळ ऐकलं. त्यातलं बरंचसं विसरले. 'मध्ये रेंगाळते, पण सोडू नये' मात्र विसरले नाही. पुस्तकाबद्दल परक्या माणसाला सांगायचं एवढंच तर असतं.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी माझं स्वतःचं पुस्तक आलं. कथासंग्रह, 144 पानं, किंमत 200 रुपये, प्रती 500. प्रकाशक म्हणाले, पूर्वी आम्ही डोळे मिटून हजाराची आवृत्ती काढायचो, आता नव्या माणसाच्या पाचशे काढायच्या म्हणजे छातीत धडधडतं. तरीही काढल्या, म्हणून मी त्यांची आजन्म ऋणी आहे. रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रांना आणि मासिकांना परीक्षणार्थ दोन-दोन प्रती गेल्या. मग मी वाट बघायला लागले. तीन महिन्यांनी मामाचा फोन आला, "अगं, तुझं नाव आलंय पेपरात!" धावत जाऊन अंक आणला. रविवारच्या पुरवणीत, अगदी तळाशी, दोन जाहिरातींच्या मध्ये एक चौकट होती. वर मथळा: साभार पोच. खाली अकरा पुस्तकांची यादी, त्यात माझं सातवं. नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठे, किंमत. माझ्या आडनावातला एक काना गळला होता. किंमत बरोबर होती.

साभार पोच म्हणजे आपलं पुस्तक मिळालं, आभारी आहोत. ते वाचलं, असा दावा त्यात कुणी करत नाही. त्या दिवशी मला तो मथळा फार लागला. आता राग येत नाही. टेबलावर आठवड्याला पन्नास पुस्तकं येऊन पडत असतील आणि जागा असेल अर्ध्या पानाची, तर कुणीही काय करणार? पण 'पोच' हा शब्द तेव्हापासून डोक्यात घर करून बसला, कारण आमच्या घरात त्या शब्दाला भलताच मान होता.

वडील फिरतीच्या नोकरीत. ते निघाले की आई त्यांच्या पिशवीत आधीच पत्ता लिहिलेलं एक कार्ड घालायची. "पोचल्याबरोबर टाका." मजकूरही ठरलेला: सुखरूप पोचलो, काळजी नसावी. पुढे मी कोल्हापूरला वसतिगृहात गेले तेव्हा माझ्याही पिशवीत अशी चार कार्डं आली. मला वाटलं, पहिलंच पत्र आहे, जरा चांगलं लिहावं. पंचगंगेचा घाट, मेसची आमटी, खोलीतली मुलगी, सगळं नीट जुळवून. पहिला दिवस त्यात गेला, दुसरा गेला. पाचव्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी मामा उभा! रात्रीच्या गाडीने उभ्यानं आलेला, डोळे लाल. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला. "कार्ड टाकायला काय धाड भरली होती?"

"सविस्तर लिहिणार होते," मी म्हटलं.

"सविस्तर कुणी मागितलं होतं?"

मराठी वाचकाचं आणि मराठी लेखकाचं जे काही चाललंय, ते थोडंफार असंच आहे, असं मला वाटतं. लेखक आईसारखा दारात उभा आहे आणि वाचक कोल्हापुरात बसून सविस्तर लिहायच्या विचारात आहे.

माझं पुस्तक आलं तेव्हा अभिनंदनाचा पाऊस पडला, हे सांगायला हवं. फुलांचे गुच्छ, टाळ्या, जोडलेले हात, मोबाइलवर सगळं आलं. 'पार्टी कधी?' आलं. 'मला एक प्रत हवी हं, सही करून' आलं, आणि तेही बऱ्याचदा. मी सह्या केल्या, खाकी कागदात बांधून पोस्टात टाकली. मग सामसूम. लग्नकार्यात गाठ पडली की माणसं स्वतःहूनच सांगायची, "तुझं पुस्तक उशाशीच आहे बरं का! निवांत वाचणार आहे." महाराष्ट्रातल्या किती उशांशी माझं पुस्तक आहे, याचा मी एकदा हिशोब केला होता. तो विकल्या गेलेल्या प्रतींपेक्षा जास्त निघाला. पहिल्या वर्षी 63 प्रती खपल्या. दहा टक्क्यांनी 1,260 रुपये मानधन. पैशाचं दुःख नव्हतं, कथा लिहून कुणी बंगला बांधत नाही. पण 63 माणसांनी खिशातले पैसे मोजून ते नेलं होतं आणि त्यातल्या एकानंही 'पोचलं' म्हटलं नव्हतं. आवडलं नसेल, तर 'उगाच' तरी म्हणायचं.

आणि मी? मी कुणाला काय कळवलं होतं? चाळीसएक वर्षं वाचते आहे. पुस्तकांनी मला आजारपणात सोबत केली, भांडणातून बाहेर काढलं, दोनदा नोकरी सोडण्यापासून वाचवलं. त्यातल्या किती हयात लेखकांना मी चार ओळी लिहिल्या? मोजायला बसले आणि पहिल्याच बोटाशी थांबले. एका लेखिकेसाठी आणलेलं आंतरदेशीय पत्र अजून माझ्या कपाटात आहे. वर 'आदरणीय' लिहिलेलं, खाली कोरं. चांगलं लिहायचं होतं ना!

ही चांगलं लिहायची खोड कुठून लागते? माझा संशय शाळेवर आहे. दहावीला 'रसग्रहण करा' असा चार गुणांचा प्रश्न येतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे त्याचे भाग पाडून मुलं पाठ करतात. कविता वाचून पोटात काय हललं, याला त्यात गुण नसतात. मग त्यातलं मूल मोठं होतं, पुस्तक वाचतं, त्याला गलबलून येतं आणि त्याला वाटतं, पण माझ्याकडे आशयसौंदर्य कुठाय? ते गप्प बसतं.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. आपल्याकडे पुस्तकावर लिहायचं म्हणजे हातात काहीतरी धरून लिहायचं, अशी रीत पडली आहे. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला हे मासिक काढलं. भाषा काय फर्डी! वाचताना आजही मजा येते. पण त्या मालेत लोकहितवादींना आणि जोतीराव फुल्यांना ज्या तऱ्हेनं झोडपलंय, ते वाचून असं वाटतं की मराठीत परीक्षणाचा जन्म छडीसकट झाला. छडी मारणाऱ्याला अधिकार लागतो. तो आपल्याकडे नाही, हे सामान्य वाचकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'समीक्षा' म्हटलं की तो दोन पावलं मागे सरतो. मी हल्ली तो शब्द वापरतच नाही, 'अभिप्राय' म्हणते. अभिप्राय द्यायला कुठलाही अधिकार लागत नाही. चित्रप्रदर्शनाच्या दाराशी वही असते, तीत शाळकरी पोरंसुद्धा लिहितात, 'घोडा छान आहे.' खरंच छान असतो तो घोडा.

पूर्वी लेखकापर्यंत पोचणं आजच्याहून अवघड होतं असंही नाही. अनेक पुस्तकांत प्रस्तावनेच्या खाली किंवा श्रेयनामावलीच्या पानावर लेखकाचा घरचा पत्ता छापलेला असे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, त्यालाही शंभरावर वर्षं झाली. आजही कित्येक दिवाळी अंक कथेच्या शेवटी लेखकाचा पत्ता आणि भ्रमणध्वनी छापतात. आणि लोक पत्रं लिहीत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभासमारंभांना फिरकायचे नाहीत. माणूसघाणा म्हणून प्रसिद्ध! पण त्यांची निवडक पत्रं छापायची म्हटली, तर चार खंड झाले. माणसं टाळणारा माणूसही पत्राचं उत्तर देत बसायचा. कुठेतरी ओढ असणारच.

त्या छापलेल्या भ्रमणध्वनीमुळेच मला माझा पहिला खरा वाचक भेटला. एका दिवाळी अंकात माझी कथा होती. भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल. दुपारी फोन वाजला.

"तुम्हीच का त्या कथेच्या बाई?"

"हो."

"मी मंगळवेढ्यावरनं बोलतोय. ज्वारीवाला माणूस आहे मी. कथा वाचली. दोनदा वाचली."

माझ्या घशात आवंढा. आता 'कशी वाटली' विचारावं की नको?

"त्यात ती सून श्रावणात माहेरी येते," ते म्हणाले, "आन् बाप तिला हुरडा खायला रानात नेतो."

"हो..."

"श्रावणात हुरडा कुठनं आणला ताई?"

मी गप्प. मंगळवेढा म्हणजे मालदांडी ज्वारीचं कोठार. त्या माणसासमोर मी काय बोलणार? त्यांनी मग शांतपणे मला शिकवलं. रब्बीची ज्वारी पेरायचीच मुळी पाऊस ओसरताना, कणसात दूध भरून दाणा हिरवागार होतो तो मार्गशीर्ष-पौषात, गुळभेंडी असेल तर मग बोलायलाच नको. आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात सरकवायची, हातावर चोळून फुंकर मारायची, बरोबर लसणाची चटणी. श्रावणात रानात गेलं तर चिखल मिळेल. अर्धा तास ते बोलत होते. फोन ठेवताना म्हणाले, "बाकी बाप बरोबर लिहिलाय तुम्ही. माझी पोरगी आली की मी पण असाच वागतो. काय बोलावं कळत नाही, मग रानात घिऊन जातो."

मी ते शब्द कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवले. कथा संग्रहात घेताना सुनेला संक्रांतीला माहेरी आणलं. पण खरं सांगायचं तर पुढची सगळी पुस्तकं मी त्या 'बाप बरोबर लिहिलाय'च्या बळावर लिहिली. दोन संग्रह आणि एक कादंबरी. कुणा मोठ्या समीक्षकानं पाठ थोपटली असती तर छातीही फुगली असती, नाही म्हणत नाही. पण मला बाप बरोबर लिहिता येतो, हे मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यानं सांगितल्यावर ते पक्कं झालं. त्याची चूक काढायची तयारी होती, म्हणून त्याच्या 'बरोबर'ला वजन आलं.

आता हे सगळं दुकानांमुळे आणखी निकडीचं झालंय. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभं राहून तुम्ही पुस्तक हातात घेऊ शकता, मधलं पान उघडून दोन परिच्छेद वाचू शकता, वास घेऊ शकता. आमच्या तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान आहे, पण त्यात गाइडं, वह्या, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे आणि कंपासपेट्या. कथासंग्रह मागितला तर दुकानदार माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. गडचिरोलीतल्या शिक्षिकेला किंवा न्यू जर्सीतल्या कुणा मराठी माणसाला पुस्तक मागवायचं तर मोबाइलवरच. तिथे मधलं पान उघडता येत नाही. दिसतं काय, तर मुखपृष्ठ, मागच्या पानावरचा मजकूर (जो बहुतेकदा लेखकानंच लिहिलेला असतो, तुम्हाला म्हणून सांगते) आणि खाली वाचकांचे अभिप्राय. म्हणजे ते अभिप्राय हेच आता ग्रंथालयातल्या कंट्रोलरसाहेबांचं शेवटचं पान.

आणि ते पान कोरं असतं. भाच्यानं मला माझ्या कादंबरीचं पान उघडून दाखवलं, तेव्हा तिथे एकच अभिप्राय होता. पाचपैकी एक तारा. 'पार्सल ओले झाले होते. कोपरा दुमडला. पुस्तक अजून वाचले नाही.' झालं! तीन वर्षं खपून लिहिलेल्या कादंबरीला एक तारा, पावसामुळे. भाचा म्हणाला, "आत्या, बाकी कुणी लिहिलंच नाही, म्हणून ह्याचंच चालतं." तीच माणसं, हं, मिसळीवर दहा ओळी लिहितात. कट कसा होता, फरसाण नरम पडलं होतं का, पाव कुठल्या बेकरीचा, दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावर वाढप्याचा चेहरा कसा झाला. शिवाय फोटो. मिसळीचा मला हेवा वाटत नाही, चांगल्या मिसळीला दाद द्यायलाच हवी. पण म्हणजे आपल्याला लिहिता येतं. निरीक्षण आहे, शब्द आहेत, मत तर भरपूरच आहे. पुस्तक म्हटलं की तेवढे हात बांधले जातात.

मग लिहायचं काय, असं मला विचारतात. मी म्हणते, शेजारीण विचारते 'कसं आहे गं?', तेव्हा तिला जे सांगता ते. तिला तुम्ही आशयसौंदर्य सांगत नाही. 'पहिली पन्नास पानं कंटाळा आला, पण मग खाली ठेववेना', 'बँकेत काम केलेल्यानं वाचावं, पोट धरून हसेल', 'आईच्या आजारपणाचं आहे, मन थाऱ्यावर असेल तेव्हाच घ्या', 'भाषा विदर्भाकडची, सुरुवातीला अडखळले, नंतर तीच गोड लागली.' एवढं पुरतं. गोष्टीचा शेवट फोडू नका, इतकंच. डॉक्टरनं खून केल्याचं लिहिणारा तो माणूस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि 'अप्रतिम' लिहिण्याआधी जरा थांबा. 'अप्रतिम', 'केवळ अप्रतिम', 'निःशब्द' हे शब्द वाईट नाहीत, पण त्यातून पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. निःशब्द झालेली माणसं एवढं टाइप करतात तरी कशी, हेही मला न सुटलेलं कोडं आहे. त्यापेक्षा एक प्रसंग सांगा, जो दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आठवला.

आवडलं नाही तर तेही लिहावं. काय आवडलं नाही ते नेमकं लिहावं. 'बकवास' म्हटलं तर लेखकाला दुखतं आणि वाचकाला कळत नाही. 'संवाद सगळे एकाच माणसाच्या तोंडचे वाटतात' म्हटलं, तर लेखकाला जास्त दुखतं, पण रात्री तो उठून संवाद तपासतो. हुरड्याचं मला किती दिवस लागलं होतं, विचारू नका! फक्त पार्सल, कुरिअर, दुमडलेला कोपरा, या तक्रारींचा राग लेखकाच्या ताऱ्यांवर काढू नका. त्यासाठी वेगळी जागा असते.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टीही सांगून टाकते. मराठी पुस्तकाचं नाव कुणी देवनागरीत घालतं, कुणी रोमन लिपीत तीन तऱ्हांनी, त्यामुळे एकाच पुस्तकाची दोन-तीन पानं तयार होतात आणि अभिप्राय विखुरतात. पुस्तकाच्या मागच्या बाजूला पट्ट्यांच्या खुणेपाशी तेरा आकडी क्रमांक असतो, आपल्याकडच्या पुस्तकांचा बहुधा 97881 किंवा 97893 ने सुरू होणारा. तो टाकून शोधलं की नेमकी तीच आवृत्ती सापडायची शक्यता जास्त. मराठीतच लिहा, मराठी पुस्तकाच्या पानावर मराठी अक्षरं दिसली की बरं वाटतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर हल्ली फोनला नुसतं बोलून दाखवलं तरी उमटतं, मग जोडाक्षरं तेवढी बघून घ्यायची. लेखकाच्या घरच्यांनी आणि जिवलगांनी लिहू नये, असा मोठ्या ऑनलाइन दुकानांचा नियम असतो आणि तो योग्यच आहे. लेखकांनीही फुकट प्रत देऊन पाच तारे मागू नयेत. मी एकदा आडून आडून सुचवलं होतं, समोरच्या बाईंनी असं काही बघितलं की पुन्हा जीभ वळली नाही.

आणि मोबाइल नसेल जमत, तर तुमच्या वाचनालयात जा. शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा कुठल्याही वर्गातली असोत, नवी खरेदी करताना ग्रंथपालापुढे प्रश्न असतोच की लोक काय वाचतील. बऱ्याच ठिकाणी सूचनावही असते. धूळ खात पडलेली, दोरीला बांधलेलं पेन हरवलेली. तिच्यात पुस्तकाचं नाव आणि 'वाचले, चांगले आहे, मागवावे' एवढं लिहिलं तर ग्रंथपाल तुमच्यावर प्रेम करतील. पुस्तकांच्या समासात मात्र लिहू नका. कुणीतरी मुलगी बसून खोडत असते.

हे सगळं मी लोकांना सांगत फिरते ते आईच्या कानावर जाणारच होतं. ती आता 81 वर्षांची आहे. भिंग घेऊन, उन्हाच्या तिरिपेत खुर्ची सरकवत सरकवत वाचते. ऊन जसं ओसरीतून पुढं जातं तशी तीही. दिवसाला वीसेक पानं होतात. मागच्या महिन्यात म्हणाली, "तुझ्या पुस्तकावर लिहू का मी?"

"घरच्यांनी लिहायचं नसतं."

"का? मी खरं तेच लिहीन."

"म्हणूनच नको."

तिनं मग मांडीवरचं पुस्तक वर केलं. एका तरुण मुलीची पहिलीच कादंबरी, मी प्रदर्शनातून आणलेली. "मग हिच्यावर लिहू? ही तर घरची नाही."

मी मोबाइल उघडला. क्रमांक टाकून पान काढलं. अभिप्राय: शून्य. "सांग," म्हटलं.

आईनं पदर सारखा केला, जणू कुणी फोटो काढतंय. आणि पत्र सांगावं तसं, थांबत थांबत सांगायला लागली. "लिही. अक्षर फार बारीक छापलंय, म्हाताऱ्या माणसांचा विचार करावा. गोष्ट चांगली आहे. आजी आणि नात भांडतात ते अगदी आमच्या घरासारखं. पान 112 वर मावशीचं नाव सुमन आहे, पुढं 140 वर कुसुम झालंय, ते बघून घ्यावं. शेवटी नात परत येईल की नाही ते सांगितलं नाही. मला वाटतं येईल." थोडं थांबून, "पुढचं पुस्तक लवकर लिही म्हणावं, माझ्याकडे वेळ कमी आहे. नको, हे नको लिहू. ती घाबरेल."

"तारे किती देऊ?"

"किती असतात?"

"पाच."

"चार दे. नाव चुकलंय ना मावशीचं."

मी सगळं तसंच टाइप केलं, वाचून दाखवलं, बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना तिचा पहिला प्रश्न, "पोचलं का तिला?"

"अजून नाही. तिथे आधी तपासतात आणि मग लावतात."

"तपासतात?" आईनं भिंग खाली ठेवलं. "माझं? कोण तपासतं?"